समोरच्या प्याद्याची वाट

बुद्धिबळ हा थंड डोक्याच्या माणसांचा खेळ आहे असं ज्यानं कोणी म्हटलं, त्यानं आमची खाट पाहिलेली नव्हती. भिलाईत कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत आमच्या ओळीतल्या क्वार्टरांपुढे रोज संध्याकाळी खाट पडे आणि तिच्यावर पट मांडला जाई. पट म्हणजे पत्र्याचा तुकडा, त्यावर डांबरानं आखलेली चौसष्ट घरं. हत्ती म्हणजे मोठे नट, उंट म्हणजे लांब बोल्ट, घोडे म्हणजे वाकलेले खिळे आणि प्यादी म्हणजे रिव्हेट. एका बाजूच्या सोंगट्यांना चुना फासलेला, दुसऱ्या बाजूच्या तशाच काळ्या. चुना बोटांना लागे, आणि घरी गेलं की बायको विचारी, आज ड्युटीवर होता की कोणाच्या भिंती रंगवत होता?

येणारे-जाणारे आठ-दहा जण होते, पण रोज न चुकता बसणारे तिघं. बडेबाबू टाइम ऑफिसात कारकून, अमरावतीकडचे, चष्मा पुसल्याशिवाय चाल न करणारे. रिगर वर्ध्याकडचा. दिवसभर उंचावर लोखंडी तुळयांना दोर बांधायचा, आणि खाली उतरला तरी वरूनच बोलतोय असं ओरडून बोलायचा. तिसरा मी, भंडाऱ्याकडचा फिटर, नाकावर माशी बसू न देणारा. हरलो की पट उलटा करायचो. दोनदा केला. तिसऱ्यांदा रिगरनं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "अबे, लोखंड हाय ते. कोनाच्या पायावर पडलं त त्याच्या ड्युटीवर कोन जाईन, तू?" तेव्हापासून पट उलटा केला नाही. दातओठ खाणं मात्र सुटलं नाही.

तिघांच्या पाळ्या क्वचितच जुळत, म्हणून अर्धा डाव तसाच ठेवायची रीत पडली. निघायची वेळ झाली की पत्रा उचलून माझ्या ओट्यावर ठेवायचा आणि वर बांबूचं टोपलं पालथं घालायचं. ज्याची चाल असेल त्यानं ड्युटीवरून आल्यावर टोपलं उचलावं, चाल करावी, पुन्हा झाकावं. समोरचा हजर नसला तरी चाले. टोपल्याखाली हात घालून कोणी लबाडी केली असं कधी झालं नाही. रिगरच्या हातावर साखळी पडून दोन बोटं चेंगरली तेव्हा पत्रा सायकलच्या कॅरियरला बांधून आम्ही दवाखान्यात नेला. सोंगट्या एका डब्यात घेतल्या, आणि दवाखान्यात बसून ज्याला जसा आठवेल तसा डाव पुन्हा लावला. रिगरच्या आठवणीत त्याचे दोन्ही हत्ती जिवंत होते. बोटं चेंगरलेल्या माणसाशी भांडायचं कसं, म्हणून आम्ही ते मान्य केलं. बडेबाबूंची मुलगी तापानं फणफणली तेव्हा आठवडाभर टोपल्याला कोणी हातच लावला नाही.

बडेबाबू पहिले काही महिने आमच्या घरचं पाणी घेत नसत. आत्ताच घेऊन आलो, म्हणत. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. न घेण्याचं कारण आम्हाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. मी ठरवलं होतं, आग्रह करायचा नाही आणि विसरायचंही नाही. मग एका संध्याकाळी माझ्या घोड्यानं त्यांचा राजा आणि हत्ती दोन्ही एकदम धरले, आणि विचार करता करता त्यांनी माझ्यापुढचाच चहाचा कप उचलून संपवला. संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चष्मा पुसला आणि म्हणाले, "साखर जास्त झाली." दुसऱ्या दिवसापासून माझी बायको त्यांचा चहा कमी साखरेचा करू लागली.

मला बुद्धिबळ बाबांनी शिकवलं, आणि बाबांना कोणीच नाही. आमच्या गावात पारावर डाव रंगे. बाबा गुरांना पाणी पाजायच्या निमित्तानं लांब हौदाजवळ उभे राहत. तिथून पट दिसत नसे, पण खेळणारे चाल बोलून करत: घोडा चढला, उंट पळाला, शह. ऐकून ऐकून बाबांच्या डोक्यात पट तयार झाला. घरी येऊन ते मातीच्या सोंगट्या मांडून सगळा डाव पुन्हा खेळत. एकदा पारावर डाव असा अडला की कोणालाच काही सुचेना, आणि हौदाजवळून बाबांच्या तोंडून निघून गेलं, "प्याद्यानं मात होते!"

आमच्या देशी बुद्धिबळात प्यादेमातीसारखा मान नाही. वजिरानं मात कोणीही करील. प्याद्यानं करतो तो खेळाडू. पारावरच्यांनी माना वळवून पाहिलं, कोण बोललं ते. मग डाव मोडला, सोंगट्या धुतल्या, बाबांना चार लाथा बसल्या आणि हौदावर यायची बंदी झाली. मात खरोखर होत होती की नाही, हे कोणी लावून पाहिलंच नाही. बाबांना लाथांपेक्षा याचंच जास्त लागलं. केस पिकले तरी ते जेवता जेवता भाकरीच्या तुकड्यांनी तो डाव ताटात मांडत आणि म्हणत, "होत होती."

अशातच एके दिवशी रिगर ओरडतच आला. कारखान्याच्या कामावर जे रूसी इंजिनिअर होते, त्यांच्यातले काही बुद्धिबळाचे शौकीन होते. त्यांना इथल्या लोकांशी खेळायचं होतं. रविवारी सकाळी क्लबच्या हॉलमध्ये, तिघांविरुद्ध तिघं. बडेबाबूंनी टाइम ऑफिसात बसून आमची तिघांची नावं आधीच देऊन टाकली होती.

मी तिथंच मनाशी ठरवलं. बाबांना गावाहून आणायचं, हॉलमध्ये पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवायचं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रूसी साहेबाला प्याद्यानं मात करायची. नुसतं जिंकणं मला पुरणार नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बडेबाबूंनी मला संघातून काढलं असतं, आणि त्यांचं चुकलंही नसतं.

अडचण एकच होती. रूसी विलायती नियमांनी खेळत आणि आम्ही देशी. बडेबाबूंनी कुठून तरी नियमांचं इंग्रजी पुस्तक मिळवलं. छपाई बारीक, आणि आमच्याकडे वेळ थोडा. त्यांनी पद्धत अशी काढली: आम्ही आमचा एकेक नियम सांगायचा आणि त्यांनी तो पुस्तकात ताडून पाहायचा. आमचं प्यादं एकच घर चालतं. त्यांचं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. आमच्या राजाला डावात एकदा घोड्याची उडी मिळते. त्यांच्या राजाला उडी नाही, त्याऐवजी किल्लेकोट आहे. आमचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्या घराचं जे मोहरं तेच होतं. त्यांचं सरळ वजीर होतं. बडेबाबूंनी हे सगळं सुवाच्य अक्षरात कागदावर लिहिलं आणि कागद खळीनं टोपल्याला चिकटवला. आमच्या डोक्यात जेवढं आलं तेवढं ताडून झालं. जे डोक्यातच आलं नाही, ते पुस्तकात राहिलं.

जित्याची खोड सहजी जात नाही. मी प्रत्येक डावात राजाला उडी मारायला लावायचो. शेवटी रिगरनं माझ्या राजाला, म्हणजे त्या जाड बोल्टला, सुतळी बांधली आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. "घे, आता उड," म्हणाला. चार दिवस मी बांधलेल्या राजानं खेळलो. जेवणाच्या सुट्टीत खडूनं लोखंडी प्लेटवर घरं आखून एकटा खेळलो. पहिली भट्टी उभी करताना जेवढा घाम गाळला नव्हता, तेवढा या चार नियमांपायी गाळला. आठवड्याअखेर सुतळी सुटली आणि राजा जागेवर राहिला.

बाबा शनिवारी पॅसेंजरनं पावर हाउस स्टेशनला उतरले. धुतलेलं धोतर, कोणाचा तरी मागून आणलेला कोट, आणि फडक्यात बांधलेले तांदूळ. मी सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालत आलो. कारखान्याची धुराडी दिसायला लागली तसे ते थांबले.

"हे समदं तुमी बांधून राहिले?"

"मी एकटा नाही बाबा."

"तुह्या हातचं कोन्तं हाय?"

लांबून दाखवण्यासारखं माझ्या हातचं काही नव्हतं. मी एका धुराड्याकडे बोट केलं. खोटं बोललो, आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

घरी आल्यावर मी त्यांना उद्याचं सांगितलं. पहिल्या रांगेत खुर्ची आहे, म्हटलं. ते म्हणाले, "मी उभाच बरा."

"कावून?"

"उभ्यानं डाव चांगला समजते मले."

मी चिडलो. इथं हौद नाही आणि पारही नाही, तिकीट काढून आलात तर बसा नीट, असं तोडून बोललो. बायकोनं मला डोळ्यांनी दटावलं. बाबांनी तांदळाची पुरचुंडी सोडली आणि खडे निवडत बसले.

रविवारी हॉल भरला होता. तीन टेबलं, त्यांवर लाकडी सोंगट्या. इतक्या गुळगुळीत की हातातून निसटायच्या. पहिल्या रांगेतली बाबांची खुर्ची रिकामीच होती. ते दाराशी, चपला काढतात तिथं उभे. मला वाटलं उठून जावं आणि दंडाला धरून आणून बसवावं. पण समोरचा रूसी साहेब हात पुढे करून उभा होता. उन्हानं लाल झालेला, बाह्या दुमडलेला आडदांड माणूस. त्याच्याजवळ हिंदी बोलणारा दुभाष्या होता. हात मिळवून आम्ही बसलो.

रिगर लवकर हरला. पुस्तकात नसेल इतक्या आनंदानं हरला आणि उठून माझ्या मागं येऊन उभा राहिला. बडेबाबू चष्मा पुसत पुसत जिंकले. माझ्या डावावर सगळं येऊन ठेपलं. रूसी चांगला खेळत होता, पण देशी खेळणाऱ्याला प्याद्यांची जेवढी कदर असते तेवढी त्याला नव्हती. एकेक करून मी त्याची प्यादी गिळली. मध्येच मला बाबांच्या मशेरीचा वास आला. बाबा दारातून भिंतीपर्यंत आले होते. आणखी थोड्या वेळानं तो वास अगदी जवळून आला.

शेवटी पटावर उरलं ते असं. त्याचा राजा कोपऱ्यात, माझ्या राजानं आणि प्याद्यानं मिळून कोंडलेला. मध्यावर त्याचं एकुलतं एक प्यादं. आणि माझ्याकडे वजीर मोकळा. चाल माझी. वजीर कडेला नेऊन शह दिला असता तर तिथंच मात होती. शेंबड्या पोरालाही दिसली असती. पण माझं प्यादंही एक घर पुढं सरकलं की शह देणार होतं, आणि तेव्हा वजीर मागून तिरप्या रेषेत उभा असला तर तीच मात प्याद्याची होणार होती. त्यासाठी वजिराची एकच तयारीची चाल हवी होती. मी वजीर उचलला आणि त्या रेषेवर ठेवला, बरोब्बर त्याच्या प्याद्याच्या तोंडासमोर. याचं प्यादंही अडलं, आता हा करतो काय, असं वाटून मला हसू आलं.

रूसी पटाकडे पाहत राहिला. मग भुवया उंचावल्या, हसला आणि हात पुढे केला. मला वाटलं, हार मानली. दुभाष्या म्हणाला, "बराबर. राजा को शह नहीं है, और इनके पास चलने को कुछ नहीं बचा. खेल खतम, दोनों बराबर."

"बराबर कसं?" मी उठलोच. आमच्यात अशी कोंडी झाली तर डाव संपत नाही. ज्यानं कोंडी केली त्यानं आपली चाल परत घ्यायची आणि दुसरी करायची. लहानपणापासून हेच खेळलो होतो. याला नियम म्हणतात हेही आम्हाला ठाऊक नव्हतं, मग तो ताडून कोण पाहणार? बडेबाबूंनी पुस्तक काढलं, पानं उलटली, एका पानावर बोट थांबलं. त्यांचा चेहरा उतरला.

"आहे," ते म्हणाले. "लिहिलेलं आहे."

मग त्यांचा पारा चढला. "पण वजिरानं मात होत होती! नुसता शह द्यायचा होता बाजूनं. कावून नाही दिला?"

"प्याद्यानं करायची होती."

"प्याद्यापायी जिंकलेला डाव घालवला तुम्ही!"

खरं होतं. हातातोंडाशी आलेला घास मीच सांडला होता, आणि तोही तिघांचा. माझे हात टेबलाच्या कडेवर गेले. मागून रिगरनं माझं मनगट धरलं. त्याची दोन वाकडी बोटं मला जाणवली. तो आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसला असेल.

तेवढ्यात माझ्या खांद्यामागून आवाज आला. "तिथं नाइ ठेवाचा होता वजीर."

बाबा. अगदी पाठीशी उभे होते. पटाकडे पाहत, जणू हॉलमध्ये दुसरं कोणी नाही असे, म्हणाले, "समोरच्या प्याद्याची वाट अडवली तू. त्याले चालाले जागा असू दे, मंग मात होते."

रूसीनं दुभाष्याला विचारलं, हे कोण, काय म्हणतात. दुभाष्यानं मला विचारलं. मी सांगितलं, माझे वडील. आणि आमच्या खेळात प्याद्यानं मात करणं म्हणजे काय, कोंडी झाली तर चाल कशी बदलतात, ते जमेल तसं हिंदीत सांगितलं. सांगताना माझा आवाज चढलेलाच होता. रूसीनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं माझा वजीर उचलला, पूर्वीच्या घरात परत ठेवला, आणि तळहात उघडून माझी खुर्ची दाखवली. माझ्याकडे नव्हे, बाबांकडे पाहून.

बाबा मागे सरले. "तू खेळ. मी सांगतो."

"नाही," मी म्हटलं. "सांगायचं नाही आता. बसा."

"पोरा..."

"बसा म्हणतो ना, बाबा!"

ओरडलोच मी. बापावर भर हॉलमध्ये ओरडलो. ते बसले. खुर्चीच्या अगदी कडेवर, कधीही उठवतील अशा बेतानं. त्यांनी वजीर उचलला. नुसतं बोट ठेवून सरकवला नाही, चांगला मुठीत धरला, आणि मी ठेवला होता त्याच्या शेजारच्याच घरात ठेवला, तिरप्या रेषेवरच, एक घर पुढं. रूसीचं प्यादं मोकळं झालं. त्याच्याकडे तेवढीच एक चाल होती. त्यानं ती केली, प्यादं एक घर पुढं. बाबांनी आपल्या प्याद्यावर हात ठेवला आणि थांबले. मग प्यादं पुढं सरकवलं.

"होत होती," ते म्हणाले. इतकंच.

रूसीनं राजाला बोट लावून एकेक घर तपासलं. कुठंच जागा नव्हती. त्यानं राजा आडवा केला, उभा राहिला आणि दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला. रिगरला परत कंठ फुटला. फळ्यावर सामना बरोबरीत म्हणूनच लिहिला गेला, आणि तो तसाच राहिला. नियम तो नियम. महिनाभर बडेबाबू मला तो सुनावत राहिले. पण त्या वेळी ते हॉलच्या टोकाला जाऊन आले, आणि त्यांच्या हातात चहाचे दोन कप होते. एक त्यांनी रूसीसमोर ठेवला आणि एक बाबांसमोर. "साखर पाहा," म्हणाले.

मला वाटलं, आता बाबा उठतील. त्यांनी चहा घेतला, कप बशीत ठेवला, आणि मला म्हणाले, "आनखी एक डाव लाव म्हना त्याले."

"आपल्या नियमांनी?" मी विचारलं.

"त्याच्याच नियमानं. मीबी पाहतो."

रूसी सोंगट्या लावू लागला. टेबलाभोवती माणसं दाटली, मला जागा राहिली नाही. मी मागं सरकत सरकत दारापर्यंत गेलो, चपला काढतात तिथं. तिथून पट दिसत नव्हता. बाबांची पाठ दिसत होती, आणि ती खुर्चीला टेकलेली होती.